हुकूम वेबवरून, माल फायबरवरून: दूरच्या महासंगणकाकडून काम करून घेताना

संस्थेनं सेकंदाला १० गिगाबिटची लिंक घेतली, पहिली मोठी फाइल पाठवली आणि वेग दिसला जेमतेम २०० मेगाबिट. नेटवर्कवाले म्हणतात लिंक रिकामी आहे, सर्व्हरवाले म्हणतात सीपीयू बसून आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. १ टेराबाइट डेटा १० गिगाबिटनं जायला साधारण १३ मिनिटं लागायला हवीत. २०० मेगाबिटनं त्यालाच ११ तास लागतात. हा फरक कुठून येतो ते कळलं, की वेब तंत्रज्ञान आणि ऑप्टिकल नेटवर्क वापरून दूरच्या महासंगणकावर काम कसं करायचं हे बरंचसं कळतं.

या लेखातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. अशा कामात दोन प्रकारची वाहतूक असते. एक हुकमांची: जॉब (महासंगणकाला दिलेलं काम) लाव, रांगेत कुठे आहे सांग, अमुक फाइल तमुक ठिकाणी हलव. दुसरी मालाची: गिगाबाइट, टेराबाइट. हुकूम लहान असतात, त्यांना वेब उत्तम. मालाला सरळ, स्वच्छ, न गळणारी प्रकाशवाट लागते. अडचणी बहुतेक वेळा या दोन्हींची सरमिसळ केली की सुरू होतात.

अंतर लपत नाही

काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. मुंबई ते जिनिव्हा सरळ रेषेत साधारण ६,७०० किलोमीटर. जाऊन-येऊन किमान ६७ मिलिसेकंद लागणारच, यात कोणताही विक्रेता सूट देऊ शकत नाही. केबल सरळ रेषेत जात नाही, समुद्रातून वळसे घेते, मध्ये उपकरणं असतात. म्हणून हिशेबासाठी आपण १५० मिलिसेकंद धरू. या जाण्यायेण्याच्या वेळेला पुढे आपण ‘फेरी’ म्हणू. हायवे आठ पदरी केला म्हणून पुण्याहून मुंबई जवळ येत नाही, तसंच १० चे १०० गिगाबिट केले तरी फेरीची वेळ तीच राहते.

आता टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर माल खात्रीनं पोचवणाऱ्या नियमसंचाचा, स्वभाव पाहा. पाठवणारा काही माल पाठवतो, पोच येण्याची वाट पाहतो, मग पुढचा सोडतो. पोच न आलेला माल एका वेळी किती वाटेवर असू शकतो, त्याला विंडो म्हणतात. १० गिगाबिटची लिंक १५० मिलिसेकंदांच्या फेरीत पूर्ण भरलेली ठेवायची तर वाटेवर सतत १.५ गिगाबिट, म्हणजे (८ बिटांचा एक बाइट) १८७ मेगाबाइट माल असायला हवा. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये पाठवणाऱ्याचं बफर, म्हणजे माल तात्पुरता ठेवायची जागा, जास्तीत जास्त ४ मेगाबाइट असतं. ४ मेगाबाइट दर १५० मिलिसेकंदांना, हा भागाकार केला की २२० मेगाबिटच्या आसपास उत्तर येतं. सुरुवातीच्या २०० मेगाबिटचं रहस्य एवढंच आहे. लिंक कमी पडत नव्हती, सर्व्हर पोच येण्याची वाट पाहत बसला होता.

उपाय सोपा आहे: दोन्ही टोकांच्या यंत्रांवर टीसीपीच्या रीड आणि राइट बफरची कमाल मर्यादा फेरी गुणिले वेग या हिशेबानं वाढवायची. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बफरचा काही भाग स्वतःच्या नोंदींसाठी राखतो, म्हणून हिशेबाच्या दुप्पट ठेवलेली बरी. ‘दोन्ही टोकांच्या’ हे दोनदा वाचावं. एकाच टोकाला बदल करून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे फार असतात. आणि प्रोग्रॅमनं स्वतःच बफरचा आकार ठरवून दिला असेल तर लिनक्सची आपोआप वाढवण्याची सोय त्या जोडणीपुरती बंद होते, हेही तपासावं.

एक पॅकेट गळलं तर

विंडो मोठी केली, तरी दुसरा शत्रू शिल्लक असतो. माल पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जातो. पॅकेट हरवलं की टीसीपी समजतो रस्त्यात गर्दी आहे, आणि वेग कमी करतो. जुन्या रेनो पद्धतीत विंडो निम्मी होते आणि मग दर फेरीला फक्त एका पॅकेटनं वाढते. १,५०० बाइटची पॅकेटं, १० गिगाबिट, १५० मिलिसेकंद: विंडोत १,२५,००० पॅकेटं. निम्म्यावरून परत वर यायला ६२,५०० फेऱ्या, म्हणजे २ तास ३६ मिनिटं. एका हरवलेल्या पॅकेटची ही किंमत. ९,००० बाइटची जंबो फ्रेम, म्हणजे मोठं पॅकेट, वापरली तर तेच २६ मिनिटांवर येतं. २००६ पासून लिनक्समध्ये मूळ पद्धत क्युबिक आहे, ती खूप लवकर सावरते. गूगलनं २०१६ मध्ये आणलेली बीबीआर पद्धत पॅकेट गळण्याकडे फारसं बघतच नाही, वेग आणि फेरीची वेळ मोजून चालते. तरीही गळती आणि लांब अंतर यांचं वैर संपलेलं नाही.

जवळच्या जवळ हे दिसत नाही, ही यातली खरी गंमत. फेरी १ मिलिसेकंदाची असेल तर तीच गळती असूनही वेग दीडशे पट असतो. म्हणून कॅम्पसमध्ये चाचणी घेतली तर सगळं छान, परदेशातल्या केंद्राशी जोडलं की रडगाणं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ईएसनेट या नेटवर्कवरचं एक उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे: राउटरमधलं एक लाइन कार्ड (केबल जोडायचा भाग) दर २२,००० पॅकेटांत एक टाकत होतं. टक्केवारी ०.००४६. राउटरच्या स्वतःच्या मोजणीत चूक दिसतच नव्हती. सतत लहान पॅकेटं पाठवून गळती मोजणाऱ्या वेगळ्या साधनामुळेच ती सापडली. असं मोजमाप करणारं परफसोनार हे मोफत साधन एका छोट्या यंत्रावर कायम चालू ठेवायची पद्धत आता रूढ आहे. ते बसवल्याशिवाय लांबच्या लिंकवर भरवसा ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जंबो फ्रेमचा एक सापळा आहे. वाटेतलं प्रत्येक उपकरण ९,००० बाइट घेणारं हवं. मध्येच एखादा राउटर १,५०० वर असेल आणि फायरवॉलनं आयसीएमपी संदेश (अडचण कळवणारे नेटवर्कचे निरोप) अडवलेले असतील, तर ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोप परत येतच नाही. लक्षण ओळखीचं आहे: लॉगिन होतं, छोट्या फाइली जातात, मोठी फाइल सुरू झाली की सगळं गोठतं. तपासायला तुकडे न करण्याची अट घालून ८,९७२ बाइटचं पिंग, म्हणजे चाचणीचं पॅकेट, पाठवावं. २८ बाइट हेडरचे मिळून बरोबर ९,००० होतात. ते गेलं नाही तर वाट जंबो नाही.

फायरवॉलचा प्रश्नही इथेच येतो. ऑफिसच्या फायरवॉलमध्ये आत अनेक लहान प्रोसेसर असतात, हजारो लोकांच्या बारीक बारीक वाहतुकीसाठी ते योग्यच आहे. पण महासंगणकाचा एकच प्रवाह एकाच प्रोसेसरवर येऊन आदळतो, त्याचं छोटं बफर भरतं आणि पॅकेटं गळतात. म्हणून डेटा पाठवणारी यंत्रं मुख्य फायरवॉलच्या बाहेर, वेगळ्या कोपऱ्यात ठेवतात. त्यांच्यावर ईमेल नाही, ब्राउझर नाही, फक्त फाइल हलवणारा प्रोग्रॅम. कोणत्या पत्त्यांशी बोलायचं याची यादी राउटरवरच लावतात. या रचनेला सायन्स डीएमझेड म्हणतात.

काचेतली वाट

एका तंतूत एकच प्रकाश जातो असं नाही. १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास काचेत सगळ्यात कमी, किलोमीटरला ०.२ डेसिबल इतकीच घट होते. त्या पट्ट्यात ५० गिगाहर्ट्झच्या अंतरानं ८० ते ९६ वेगवेगळे ‘रंग’ बसतात. डोळ्यांना यातला एकही दिसत नाही, रंग हा म्हणायचा शब्द. प्रत्येक रंगावर १०० गिगाबिट धरले तरी ८० रंगांचे ८ टेराबिट होतात. दर ८० किलोमीटरच्या आसपास अर्बियम मिसळलेल्या तंतूचा प्रवर्धक हे सगळे रंग एकदम वाढवून पुढे सोडतो, मध्ये विजेत रूपांतर करावं लागत नाही. त्यातला एक अख्खा रंग फक्त तुमच्यासाठी राखला, की ती झाली तुमची प्रकाशवाट.

लिंक उभी करताना आधी प्रकाशाचा जमाखर्च मांडावा. डेसिबलमध्ये ३ ची घट म्हणजे प्रकाश निम्मा, १० ची म्हणजे दहावा हिस्सा. १० गिगाबिटचं ८० किलोमीटरचं मॉड्यूल (प्रकाश सोडणारं-घेणारं उपकरण) साधारण ० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) प्रकाश सोडतं आणि उणे २४ पर्यंतचा ओळखतं, म्हणजे हातात २४ डेसिबल. खर्च असा: प्रत्यक्षातली केबल किलोमीटरला ०.२२ धरली तर १७.६. दर ४ किलोमीटरला एक जोड, असे २० जोड प्रत्येकी ०.१ प्रमाणे २. चार कनेक्टर प्रत्येकी ०.५ प्रमाणे २. एकूण २१.६, शिल्लक २.४. कागदावर पास. पण रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली की मध्ये नवा तुकडा टाकून दोन जोड वाढतात, घाईत मारलेला जोड ०.१ चा नसतो, आणि अशा दोन-तीन दुरुस्त्यांनंतर ती शिल्लक संपते. लिंक एकदम मरत नाही. चुका वाढतात, पॅकेटं गळतात, आणि तक्रार येते ती ‘सॉफ्टवेअर हळू आहे’ अशी. म्हणून मॉड्यूलनं सांगितलेली प्रकाशाची पातळी पहिल्या दिवशी लिहून ठेवावी आणि दर महिन्याला ताडून पाहावी.

उलट चूकही होते. हेच ८० किलोमीटरचं मॉड्यूल चाचणीसाठी टेबलावर २ मीटरच्या केबलनं समोरासमोर जोडलं, तर घेणाऱ्या बाजूला झेपेल त्याहून जास्त प्रकाश पडतो. उणे ७ डीबीएमच्या वर गेलं की रिसीव्हर गोंधळतो, जळूही शकतो. मध्ये १० किंवा १५ डेसिबलचा ॲटेन्युएटर, म्हणजे प्रकाश कमी करणारा तुकडा, लावावा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र धूळ खाते. तंतूचा गाभा ९ मायक्रॉनचा, धुळीचा एक कणही त्याच्या तोडीचा. कनेक्टर खिशात ठेवून आणलेला, टोपण काढून तसाच लावलेला, हे रोजचं. नियम असा: लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी, नवा कोरा असला तरी, क्लीनरनं पुसायचा आणि फायबरच्या सूक्ष्मदर्शकातून पाहायचा. डोळा लावून कधीच पाहायचं नाही, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो. निळ्या कनेक्टरचं टोक सपाटसर, हिरव्याचं ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं. दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणून कोणीतरी बसवतंच, आणि मग डेसिबल का गेले ते शोधत बसावं लागतं. प्रकाश अजिबात येत नसेल तर सगळ्यात आधी पाठवायचा आणि घ्यायचा तंतू उलटसुलट लागलेत का ते पाहा.

महासंगणकाच्या खोलीतही फायबरच असतं. तांब्याची केबल २-३ मीटरपर्यंत चालते, पुढे प्रकाश. तिथे दोन नोडमधला (आतल्या दोन संगणकांमधला) संदेश साधारण १ मायक्रोसेकंदात पोचतो आणि २० मीटर केबल त्यातले ०.१ घेते. ही संख्या लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वाट मागायची कशी

पूर्वी दोन देशांतल्या संस्थांना प्रकाशवाट हवी असली की ईमेल, फोन, चार नेटवर्कांचे चार अभियंते, आणि आठवडे. कुणीतरी सुट्टीवर असायचंच. आता हे काम वेब सेवेनं होतं. ईएसनेटची ऑस्कर्स ही आरक्षण यंत्रणा यातली जुनी आणि गाजलेली. अनेक नेटवर्कांमधून वाट काढण्यासाठी ओपन ग्रिड फोरम या मानकं ठरवणाऱ्या संघटनेनं एनएसआय हे मानक ठरवलं. मागणीत असतं काय? दोन टोकांची नावं, दोन्हीकडचे व्हीलॅन क्रमांक (एकाच केबलवरची आभासी नेटवर्कं ओळखायचे), मेगाबिटमध्ये वेग, सुरू आणि बंद होण्याची वेळ.

मग पायऱ्या येतात, आणि नवखे इथेच अडकतात. आरक्षणाची विनंती केली की वाटेतलं प्रत्येक नेटवर्क आपापला तुकडा तात्पुरता धरून ठेवतं. सगळ्यांचा होकार आला की ‘पक्कं’ असा दुसरा संदेश पाठवावा लागतो. तो ठरावीक वेळेत गेला नाही तर धरलेलं सगळं सुटतं. पक्कं झालं तरी वाट चालू होत नाही, त्यासाठी ‘सज्ज करा’ हा तिसरा संदेश. तो दिलेला असेल तरच ठरलेल्या वेळी डेटा वाहू लागतो. पक्कं केलं, सज्ज करायचं राहिलं, आणि मध्यरात्री प्रयोगाच्या वेळी वाट बंद, असं होतं. दुसरी अडचण: उत्तर लगेच त्याच जोडणीवर येत नाही, नंतर तुम्ही दिलेल्या पत्त्यावर उलट येतं. तुमचा प्रोग्रॅम नॅटच्या (अनेक यंत्रांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे लपवणाऱ्या सोयीच्या) मागे असला की ते उत्तर पोचतच नाही आणि तुम्हाला वाटतं समोरचा गप्प आहे.

आणखी एक खुलासा. ‘प्रकाशवाट’ म्हणून जे मिळतं ते दर वेळी अख्खा रंग नसतं. बऱ्याचदा १०० गिगाबिटच्या सामायिक रंगावर कापून दिलेला आभासी भाग असतो. त्यात वाईट काही नाही, पण ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं माल सोडला तर नेटवर्क जास्तीचा टाकून देतं. १० गिगाबिटच्या कार्डावरून ५ गिगाबिटच्या वाटेवर पाठवायचं असेल तर आपल्या यंत्रावरच वेगाला लगाम घाला.

ब्राउझरमधून जॉब

आता हुकमांची बाजू. स्लर्म ही महासंगणकावरची रांग सांभाळणारी बहुतेक ठिकाणची यंत्रणा. २०२० पासून तिच्यासोबत रेस्ट सेवा, म्हणजे वेबवरून हुकूम घेणारी सेवा, येते: जेसन या मजकुराच्या ठरलेल्या साच्यात जॉबचं वर्णन पाठवा, जॉब क्रमांक घ्या, मग त्या क्रमांकानं स्थिती विचारत राहा. ओहायो सुपरकंप्यूटर सेंटरचं ओपन ऑनडिमांड हे पोर्टल तर ब्राउझरमध्येच फाइली, टर्मिनल, ज्युपिटर (कोड लिहून चालवायची नोटबुक) सगळं देतं. एसएसएचची, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षित लॉगिन करायची, किल्ली कशी बनवायची हे शिकवण्यात जाणारा पहिला दिवस वाचतो.

चुका ठरलेल्या आहेत. जॉब संपेपर्यंत वेबची जोडणी धरून ठेवायची नसते. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सी, म्हणजे मधला मध्यस्थ, म्हणून लावला तर मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद काही आलं नाही की जोडणी तोडतो, मग क्लायंटला वाटतं विनंती फसली, तो पुन्हा पाठवतो, आणि एकाच कामाचे दोन जॉब रांगेत लागतात. उपाय म्हणून प्रत्येक विनंतीला आपला एक वेगळा खुणेचा क्रमांक द्यावा आणि पुन्हा पाठवण्यापूर्वी त्या खुणेचा जॉब आधीच आहे का ते पाहावं. तीच ६० सेकंदांची मर्यादा ज्युपिटरच्या वेबसॉकेटलाही (ब्राउझरशी सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीला) लागू होते. वापरणारा चहाला गेला की नोटबुक तुटतं. दर २०-३० सेकंदांनी एक छोटा ‘जिवंत आहे’ संदेश हवा, किंवा प्रॉक्सीची मर्यादा वाढवायला हवी.

टोकन, म्हणजे ओळख पटवणारी तात्पुरती डिजिटल चिठ्ठी, तिची मुदत हे दुसरं दुखणं. स्लर्मचं टोकन मुदत न सांगता मागितलं तर १,८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास चालतं. जॉब दोन दिवस रांगेत, आणि जॉबच्या शेवटी निकाल बाहेर पाठवायला वापरलेलं टोकन कधीच मेलेलं. गणित झालं, निकाल अडकला. मुदत वाढवून वर्षाची करणं हा उपाय नव्हे. असं टोकन चोरीला गेलं तर काय होईल याचा विचार करा. निकाल पाठवण्याच्या वेळी नवं टोकन घेणारी वेगळी सेवा ठेवावी.

आणि सरमिसळ नको हे सुरुवातीला म्हटलं ते इथे: पोर्टलमधून मोठी फाइल अपलोड करू देऊ नका. एनजिनएक्स १ मेगाबाइटच्या वरची विनंती मुळातच नाकारतं आणि ४१३ ही चूक देतं. लोक ती मर्यादा वाढवून ५०० गिगाबाइट करतात, मग फाइल आधी पोर्टलच्या तात्पुरत्या डिस्कवर पडते, ती भरते, आणि सगळ्यांचंच पोर्टल बसतं.

माल तिऱ्हाइतानं हलवायचा

यावरचं उत्तर सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या जगभर पसरलेल्या संगणक जाळ्यात नीट दिसतं. तिथल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण आदळवणाऱ्या यंत्राचा डेटा जिनिव्हातून पहिल्या फळीच्या केंद्रांना खास ऑप्टिकल जाळ्यानं जातो आणि तिथून दुसऱ्या फळीकडे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या यंत्रावरच्या सीएमएस प्रयोगासाठी दुसऱ्या फळीत आहे. वर्षानुवर्षं ही वाहतूक ग्रिडएफटीपी या फाइल हलवण्याच्या पद्धतीनं होत असे. त्यामागच्या ग्लोबस टूलकिटचा मोफत पाठिंबा २०१८ मध्ये थांबला, आणि हळूहळू सगळे वेबच्या एचटीटीपीवर आले. १९८९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञांना कागदपत्रं वाटता यावीत म्हणून सर्नमध्येच ज्याची कल्पना मांडली गेली, त्याच वेबवर आता त्यांचे टेराबाइट वाहतात.

पद्धत अशी. तुमचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर आहे, फाइल अ केंद्रात, हवी ब केंद्रात. लॅपटॉप ब ला वेबडॅव्हमधली (एचटीटीपीला फाइली हलवायला शिकवणाऱ्या जोडणीतली) ‘कॉपी’ ही विनंती पाठवतो, सोर्स या हेडरमध्ये अ चा पत्ता, आणि अ साठीचं टोकन वेगळ्या हेडरमध्ये. ब स्वतः अ शी जोडतो आणि फाइल ओढून घेतो. माल दोन केंद्रांमधल्या जाड वाटेवरून जातो, लॅपटॉपच्या वायफायवरून नाही. दरम्यान ब लॅपटॉपला थोड्या थोड्या वेळानं किती बाइट आले ते सांगत राहतो, म्हणजे मधली प्रॉक्सीही जोडणी तोडत नाही.

यातली खाच बघा. ब सुरुवातीलाच २०० च्या घरातला होकारार्थी कोड देऊन टाकतो, कारण काम तर सुरू झालं. खरा निकाल उत्तराच्या अगदी शेवटच्या ओळीत येतो, सक्सेस किंवा फेल्युअर. फक्त कोड पाहून ‘झालं’ म्हणणारा प्रोग्रॅम अर्धवट फाइलींचा ढीग जमा करतो. शेवटची ओळ वाचा, आणि दोन्हीकडचा चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) ताडा. टीसीपीचा स्वतःचा चेकसम १६ बिटांचा आहे, टेराबाइटच्या हिशेबात तो पुरेसा नाही. या जाळ्यात ॲडलर-३२ हा चेकसम वापरतात.

बारीक फाइलींनी मात्र कुठलीही वाट हरते. १ लाख फाइली, प्रत्येकीला एक फेरी: १५,००० सेकंद, चार तासांहून जास्त, तेही एक बाइट डेटा न मोजता. आधी टार करून (अनेक फाइलींची एक फाइल करून) काही गिगाबाइटचे गठ्ठे बांधा. आणि डिस्क बघा: १० गिगाबिट म्हणजे सेकंदाला १.२५ गिगाबाइट. एक फिरती डिस्क २०० मेगाबाइटच्या आसपास देते. एका डिस्कवर लिहून नेटवर्कला शिव्या देण्यात अर्थ नाही.

एकच गणित दोन यंत्रांवर

मग असंही विचारलं जातं: दोन महासंगणक फायबरनं जोडले तर एक मोठा महासंगणक होईल का? गणितावर अवलंबून आहे. खोलीत संदेशाला १ मायक्रोसेकंद, खंडांपलीकडे अर्धी फेरी म्हणजे ७५ मिलिसेकंद, म्हणजे पाऊण लाख पट. दर मायक्रोसेकंदाला शेजाऱ्याला विचारणारं गणित तिथे मरतं.

पण कॉस्मोग्रिड या विश्वरचनेच्या प्रकल्पानं ते करून दाखवलं. सायमन पोर्टेगीझ झ्वार्ट आणि सहकाऱ्यांनी कृष्णद्रव्याचं ८,५८,९९,३४,५९२ कणांचं, म्हणजे २,०४८ च्या घनाइतकं प्रतिमान ॲम्स्टरडॅम आणि टोकियोतल्या दोन महासंगणकांवर १० गिगाबिटच्या खास वाटेनं एकत्र चालवलं. जमलं कारण विश्व मधोमध कापलं की बहुतेक गुरुत्व आपल्याच अर्ध्यात मोजता येतं. दुसऱ्या बाजूला फक्त सीमेजवळचे कण आणि दूरच्यांचा सारांश लागतो. एका पायरीचं गणित लांब, देवाणघेवाण त्या मानानं थोडी. दोन यंत्रं वेगळ्या बनावटीची, म्हणून मधला संवाद एमपीवाइड नावाच्या छोट्या लायब्ररीनं, एका वेळी अनेक टीसीपी प्रवाह उघडून. अनेक प्रवाह का? एकाचं पॅकेट गळलं तर फक्त त्याचाच वेग पडतो, बाकीचे चालू. खरी डोकेदुखी मात्र दोन रांगांची असते: दोन देशांतल्या दोन महासंगणकांवर एकाच तासाला जागा मिळवणं. प्रकाशवाट मागायला वेब सेवा आहे, व्यवस्थापकांच्या वेळापत्रकाला अजून तेवढी चांगली सेवा नाही.

खोडदचं वेगळं प्रकरण

सगळीकडे टीसीपी आणि वेब लागतंच असं नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, दूरातल्या दूर दोन डिशमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर. तिथे प्रत्येक डिशचा रेडिओ संकेत थेट लेझरवर चढवून फायबरनं मध्यवर्ती इमारतीत आणतात आणि तिथे त्याचे आकडे करतात. ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा, सेकंदाला ८० कोटी नमुने, दोन ध्रुवीकरणं, ३० डिश: नमुन्याला ४ बिट धरले तरी १९२ गिगाबिट, अखंड. हरवलेलं पुन्हा मागायला वेळ नाही, कारण आकाश पुन्हा तेच सांगत नाही. म्हणून टीसीपी नाहीच. जीपीयूंचा (एका वेळी हजारो गणितं करणाऱ्या चिपांचा) समूह डिशच्या ४३५ जोड्यांचा गुणाकार त्याच क्षणी करतो आणि साठवतो तो फक्त निकाल. वेब येतो त्यानंतर, निरीक्षणाची वेळ मागताना आणि डेटा उतरवून घेताना.

इथे फायबर स्वतःच मोजमापाचा भाग बनतं. १५ किलोमीटर तंतूत संकेत ७५ मायक्रोसेकंद उशिरा येतो, प्रत्येक डिशचा उशीर वेगळा, तो गणितात आधी काढून टाकावा लागतो. वर काचेचा उशीर तापमानानं बदलतो, दर किलोमीटरला अंशामागे ४० पिकोसेकंदांच्या जरा आत. १५ किलोमीटरला एका अंशात अर्धा नॅनोसेकंदाहून थोडं जास्त, आणि १,००० मेगाहर्ट्झला तेवढ्यात अर्ध्याहून जास्त लहर सरकते. जमिनीखालच्या केबलचं तापमान सावकाश बदलतं, म्हणून निरीक्षणाच्या अधूनमधून डिश एखाद्या जागा माहीत असलेल्या तेजस्वी स्रोताकडे वळवतात, त्याची लहर किती सरकली ते पाहतात आणि तेवढी दुरुस्ती मधल्या काळाच्या डेटाला लावतात.